"सर, प्रॉब्लेम झालाय": कोकणातल्या कॉलेजात सर्व्हिस डेस्क कसा चालवावा आणि त्यावरच कसा शिकवावा

"सर, प्रॉब्लेम झालाय" या एका वाक्यापाशी आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटचा, म्हणजे संगणकीय सेवा नीट चालवण्याच्या विषयाचा, निम्मा अभ्यासक्रम अडतो. आपल्या बोलण्यात प्रिंटर अडला तरी प्रॉब्लेम, पासवर्ड विसरला तरी प्रॉब्लेम, नवा माऊस हवा असला तरी प्रॉब्लेमच. या विषयात मात्र त्या शब्दाला ठरलेला, अरुंद अर्थ आहे आणि तो या तिन्हींपैकी एकालाही लागू होत नाही. मुलं व्याख्या पाठ करून पुण्या-मुंबईला मुलाखतीला जातात. इन्सिडेंट आणि प्रॉब्लेममधला फरक घडाघडा म्हणतात. उदाहरण विचारलं की गप्प होतात. उदाहरणं तर कॉलेजात रोज घडत असतात, पण ती कुणी लिहून ठेवलेली नसतात.

खालची पद्धत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या कॉलेजासाठी आहे. साधारण १२० संगणक, तीन लॅब, कार्यालय, ग्रंथालय, एक लॅब असिस्टंट आणि विषय शिकवणारे दोन शिक्षक धरले आहेत. सर्व्हिस डेस्क, म्हणजे तक्रारी घेऊन त्यांचा पाठपुरावा करणारी जागा, खराखुरा चालवायचा, मुलांनी त्यावर पाळीपाळीने बसायचं आणि वर्गात त्याच नोंदी उघडायच्या. पतपेढीत किंवा आंबा प्रक्रियेच्या कारखान्यातही थोड्या फरकाने हेच चालतं.

आधी सेवा लिहा, यंत्रं नंतर

सगळे सुरुवात डेडस्टॉक रजिस्टरपासून करतात. त्यातून किती मॉनिटर आहेत हे कळतं. कार्यालयातली बायोमेट्रिक हजेरी ग्रंथालयाच्या माळ्यावर ठेवलेल्या स्विचवर अवलंबून आहे, हे कळत नाही. म्हणून पहिला कागद सेवांचा. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणं, विद्यापीठाकडून परीक्षेच्या दिवशी येणारी प्रश्नपत्रिका उतरवून छापणं, ग्रंथालयाची देवघेव, हजेरी, लॅबमधलं इंटरनेट, फीच्या पावत्या अशा दहा-बारा ओळी पुरतात. वीसच्या वर गेलात तर तुम्ही पुन्हा यंत्रं मोजायला लागलात असं समजा.

प्रत्येक सेवेपुढे चार गोष्टी लिहा: कोण वापरतं, कोणत्या वेळी बंद पडली तर चालणारच नाही, जबाबदार कोण, आणि ती कशाकशावर उभी आहे. हा चौथा रकाना भरायला शिडी घेऊन केबलच्या मागे फिरावं लागतं. हे काम मुलांकडून करून घ्या. एका दुपारी त्यांना जे कळतं ते चार व्याख्यानांत कळत नाही.

एकच दार

तक्रार येण्याची जागा एकच हवी. व्हॉट्सअॅप ग्रुप ती जागा नव्हे. तिथे संदेश वर सरकतो, तिघं अंगठा दाखवतात आणि काम कुणी घेतलं ते कुणालाच ठाऊक नसतं. एक मोबाइल नंबर ठेवा आणि सॉफ्टवेअरच्या आधी चार आठवडे कागदी रजिस्टर चालवा. कोणते रकाने खरंच लागतात ते त्यातून कळतं. सुरुवातीला एवढे असू द्या: अनुक्रमांक, तारीख-वेळ, नाव आणि खोली, सेवा, तक्रार सांगणाऱ्याच्या शब्दांत, प्रकार, प्राधान्य, कुणाकडे दिलं, काय केलं, किती वाजता चालू झालं, आणि वीज होती की नव्हती. शेवटच्या रकान्याचं महत्त्व पुढे येईल.

"सांगणाऱ्याच्या शब्दांत" हा रकाना मुलं हमखास बिघडवतात. कार्यालयातून फोन येतो:

"झिला, नेट गावना नाय. सकाळपासून बसलंय."

"काका, काय उघडत होतात?"

"ता शिष्यवृत्तीचा."

"गुगल उघडतंय का?"

"ता उघाडता."

"शेजारच्या टेबलावर शिष्यवृत्तीचंच पान उघडून बघाल का?"

"थंय पण तसाच."

पहिल्या वाक्यावर मुलाने "नेट बंद" लिहिलं असतं तर असिस्टंट क्रिम्पिंग टूल (केबलला कनेक्टर बसवायचं हत्यार) घेऊन निघाला असता. तीन प्रश्नांनंतर चित्र बदललं. नेट चालू आहे, एकच पोर्टल दोन्ही यंत्रांवर उघडत नाही, म्हणजे बिघाड बाहेरचा असण्याची शक्यता जास्त. नोंदीत काकांचं वाक्य जसंच्या तसं राहतं. त्याखाली तपासलेल्या तीन गोष्टी आणि "अर्ध्या तासाने पुन्हा तपासणे, काकांना कळवणे" असं येतं. मालवणीतलं वाक्य प्रमाण मराठीत आणून शुद्ध करू नका. "गावना नाय" म्हणजे सापडत नाही, आणि पान सापडत नाही व नेट चालत नाही या वेगळ्या तक्रारी आहेत.

तक्रार घेणाऱ्याने उपाय सुचवायची घाई करायची नाही, हा दुसरा नियम. "रिस्टार्ट करून बघा" हे पहिलं वाक्य असता कामा नये. त्याने पडद्यावरचा एरर पुसला जातो. आधी पडद्याचा फोटो मागा.

चार खाने

प्रकाराच्या रकान्यात चारच अक्षरं: बि, मा, मू, ब. चालू असलेली सेवा थांबली किंवा मंदावली तर तो बिघाड, म्हणजेच इन्सिडेंट. काही मोडलेलं नाही, काहीतरी हवंय, तर ती मागणी, म्हणजे सर्व्हिस रिक्वेस्ट. बिघाडांच्या मागे जे मूळ कारण असतं, तो प्रॉब्लेम. सेवेवर परिणाम होऊ शकेल अशी कुठलीही भर, फेरफार किंवा काढून टाकणं म्हणजे बदल, चेंज. पहिले दोन आठवडे वर्गात मराठी शब्दच वापरा, इंग्रजी संज्ञा तिसऱ्या आठवड्यात आणा. तोपर्यंत मुलांच्या डोक्यातला रोजचा "प्रॉब्लेम" बाजूला सरकलेला असतो.

बिघाड आणि मूळ कारण यांची घड्याळं वेगळी असतात. बिघाडात सेवा लवकरात लवकर परत आणायची, कारण कळलं नाही तरी चालेल. मूळ कारणाच्या शोधाला आठवडा लागला तरी हरकत नाही. स्विच बंद-चालू केल्यावर लॅब सुरू झाली की बिघाडाची नोंद बंद करा आणि मूळ कारणाची वेगळी नोंद उघडा. दोन्ही एकाच नोंदीत ठेवल्या तर एक तर बिघाड महिनाभर उघडा राहतो, नाहीतर कारण कधीच शोधलं जात नाही. बहुतेक ठिकाणी दुसरं होतं.

प्राधान्य आणि वेळ

परिणाम किती जणांवर आणि तातडी किती, या दोन्हींना मोठा-मध्यम-लहान अशा तीन पायऱ्या द्या. नऊ घरांचा तक्ता होतो, त्यातून चार प्राधान्यं निघतात. प्राचार्यांचा फोन आला म्हणून पहिलं प्राधान्य नाही. परीक्षेच्या सकाळी प्रश्नपत्रिका उतरत नसेल तर एकाच संगणकाचा बिघाडही पहिल्या प्राधान्याचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत अख्खी लॅब बंद असली तरी ती तिसऱ्यात जाऊ शकते. तक्ता प्राचार्यांच्या सहीने लावून घ्या, म्हणजे वाद डेस्कवरच्या मुलाशी होत नाही.

सुरुवातीला पुरतील अशा वेळा: पहिल्या प्राधान्याला १५ मिनिटांत माणूस हजर आणि २ तासांत सेवा चालू, दुसऱ्याला त्याच दिवशी, तिसऱ्याला दोन दिवसांत, चौथ्याला आठवड्यात. मात्र सुटा भाग कोल्हापूरहून येत असेल आणि जुलैत दरड कोसळून घाट बंद असेल, तर "२ तास" हे कागदावरचं वचन उरतं. वापरणाऱ्याला दिलेला एसएलए (सेवा किती वेळात परत येईल याचं लेखी वचन) आणि पुरवठादाराशी असलेला करार यांची सांगड नसणं ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. शिकवतानाही ती या घाटाच्या उदाहरणानेच पटते.

त्यावरचा उपाय म्हणजे सुट्या भागांचं कपाट. आठ पोर्टचा एक स्विच, एक राउटर, दोन एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा), मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी पेटी) एक जोडी, तयार पॅच कॉर्ड दहा, आरजे-४५ कनेक्टर शंभर, मदरबोर्डचे सीआर २०३२ सेल दहा, यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटऱ्या दोन, आणि नेहमीच्या इंटरनेटपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम असलेला एक ४जी राउटर. सगळं सिलिका जेलसह झाकणाच्या डब्यात ठेवा. बॅटऱ्या मात्र नुसत्या ठेवून चालत नाहीत, दर तीन महिन्यांनी चार्ज करा, नाहीतर गरजेच्या दिवशी त्या मेलेल्या निघतात.

उपलब्धतेचं गणित मुलांकडून हाताने करून घ्या. ३० दिवस चोवीस तास धरले तर ७२० तास होतात. ९९ टक्के म्हणजे महिन्याला ७ तास १२ मिनिटं बंद चालेल, आणि ९९.९ टक्के म्हणजे जेमतेम ४३ मिनिटं. कॉलेज २६ दिवस रोज ९ तास चालतं असं धरलं तर २३४ तास, आणि ९९ टक्क्यांना साधारण २ तास २० मिनिटंच मिळतात. एकच टक्केवारी, पण सेवेचे तास कुठले धरले त्यावर वचन तिप्पट कडक होतं.

आता विजेचा रकाना. लाइट गेल्याचा वेळ मोजायचा की वगळायचा? सरसकट वगळला तर पावसाळ्यात आकडे सुंदर दिसतात आणि लोक हसतात. सरसकट मोजला तर महावितरणच्या नावाने डेस्कला शिव्या बसतात. मधला मार्ग असा की लाइट गेल्यावर पहिला तासभर नेटवर्क चालू ठेवणं डेस्कचं काम, त्यापुढचा वेळ वेगळा दाखवायचा. हे जमतं. फायबरचं ओएनटी (बाहेरून आलेली फायबर जिला जोडतात ती पेटी), राउटर आणि स्विच मिळून ३०-४० वॉट खातात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर म्हणजे ८४ वॉट-अवर. त्यातलं साठ टक्के हाती लागलं तरी सव्वा तास निघतो. अट एकच, त्या यूपीएसवर संगणक लावायचा नाही. कुणीतरी लावतोच. म्हणून उरलेल्या सॉकेटांवर टेप मारा.

मूळ कारण: कागद, कळंक आणि वीज

हा भाग शिकवायला कोकणासारखी जागा नाही. जुलैत ग्रंथालयाच्या प्रिंटरच्या नोंदी बघा: कागद अडकला, दोन-दोन ओढतो, पुन्हा अडकला. दर वेळी कुणीतरी कागद उपसून काढतं आणि नोंद बंद करतं. मुलांना नोंदी महिन्यावार लावायला सांगा. जून ते सप्टेंबर ढीग, नोव्हेंबरनंतर जवळजवळ शून्य. मग पुढचे प्रश्न. पावसातच का? कागद दमट होतो. दमट का होतो? रीम फोडून उघडी राहते. उघडी का राहते? ट्रेमध्ये पूर्ण रीम मावत नाही आणि उरलेली टेबलावर पडते. उपाय रोलर बदलण्याचा नव्हे. ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद भरायचा आणि बाकीचा घट्ट झाकणाच्या डब्यात. हे एका पानावर लिहून प्रिंटरला चिकटवलं की तोच तुमचा पहिला नॉलेज आर्टिकल, म्हणजे पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेला तोडगा.

किनाऱ्याजवळच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला दुसरा नमुना दिसतो. लॅन मध्येच जातं, केबल काढून परत खोचली की येतं. खोचताना पिना घासल्या जातात म्हणून येतं, दुरुस्ती झाली म्हणून नव्हे. खारट दमट हवेने स्वस्त कनेक्टरच्या पिनांवर कळंक चढतो, कारण त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा फारच पातळ असतो. भिंगातून बघितलं तर हिरवट थर दिसतो. "केबल हलवली, चालू झालं" अशा तीन नोंदी एकाच जागेवर आल्या की कनेक्टर कापून नवा लावायचा.

तिसरा आणि महागडा नमुना विजेचा. वळवाच्या पावसात विजा पडतात आणि नेमक्या त्याच वेळी जमीन सर्वांत कोरडी असते. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग आधीच अवघड, त्यात एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की रोध आणखी वाढतो. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. ५ ओमच्या आत असलं तर ठीक, जास्त असलं तर खड्ड्यात पाणी आणि गरज पडल्यास बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती). एवढं करूनही दर वर्षी त्याच दोन स्विचचे पोर्ट जळत असतील तर ते दोन इमारती जोडणाऱ्या तांब्याच्या लॅन केबलच्या टोकांचे आहेत का ते बघा. वीज जवळ पडली की दोन इमारतींच्या जमिनीत क्षणभर मोठा दाबफरक होतो आणि त्याला ती केबल आयतीच वाट देते. तिथे फायबर टाका, धातूचं कवच नसलेलं. आणि आभाळ गडगडायला लागल्यावर प्लग काढायची सवय सगळ्यांना असते, लॅनची पिन काढायची नसते.

बदल

बदलाच्या अर्जात पाच ओळी पुरतात: काय बदलणार, का, कोणकोणत्या सेवा त्यावर उभ्या आहेत, फसलं तर मागे कसं येणार, आणि कुणाला आधी सांगितलं. वाय-फायचा पासवर्ड हे वर्गासाठी उत्तम उदाहरण. शुक्रवारी संध्याकाळी बदलला, लॅपटॉप-मोबाइलवर सगळ्यांनी नवा टाकला. सोमवारी हजेरीचं यंत्र आणि ग्रंथालयाचा वायरलेस प्रिंटर बंद, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सेवांच्या कागदातला चौथा रकाना इथे कामाला येतो.

रोजचे, धोका नसलेले बदल, म्हणजे टोनर किंवा नवं विद्यार्थी-खातं, एकदाच मंजूर करून ठेवा. प्रवेशाचे दिवस, विद्यापीठाच्या परीक्षा आणि गणपतीच्या आधीचा आठवडा यांत तातडीचा सोडून कुठलाही बदल नको. गणपतीत लॅब असिस्टंट गावी असतो, पुरवठादाराचा माणूसही गावी असतो, आणि चाकरमानी आल्याने मोबाइल नेटवर्कवर गर्दी होऊन ४जी राउटरवर भरवसा ठेवता येत नाही.

पाणी आणि वादळ

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. सर्व्हिस कंटिन्युइटी (संकटातही सेवा चालू ठेवणं) हा धडा या दोन तारखांवर घ्या. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. तळमजल्यावरच्या कपाटातली दुसरी हार्ड डिस्क ही दुसरी प्रत नव्हे, ती पहिलीबरोबरच बुडते. दर तीन महिन्यांनी एक फाइल खरोखर परत आणून बघा आणि किती मिनिटं लागली ते लिहा. तेवढंच आकडेवारीत धरायचं.

पतपेढीत काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात आणि लॉग (यंत्रांच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. त्यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर आधी काय घडलं हेच ठरत नाही.

सॉफ्टवेअर

महिनाभराचं रजिस्टर हाती आलं की जीएलपीआय किंवा ओएसटिकेट हे तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही मुक्त स्रोत आहेत. ८ जीबी रॅमचा जुना संगणक, त्यावर लिनक्स, पीएचपी आणि मारियाडीबी एवढ्यावर एका कॉलेजाचा जीएलपीआय आरामात चालतो. बसवल्यावर चार खाती आपोआप तयार होतात आणि त्यांचे पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असतात. ते त्याच मिनिटाला बदला आणि इन्स्टॉल फोल्डरातली इन्स्टॉल डॉट पीएचपी ही फाइल काढून टाका. वर्गवारी बाराच्या आत ठेवा. पन्नास केल्या तर मुलं सगळं "इतर"मध्ये टाकतात.

वर्ग

दोन-दोन तासांच्या बारा तासिका पुरतात. इतिहासाला दहा मिनिटं द्या. ब्रिटनच्या सरकारी संगणक संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयटीआयएल (आयटी सेवा चालवण्याच्या पद्धतींचा संच) सुरू केलं, चौथी आवृत्ती २०१९ ची. आयएसओ/आयईसी २०००० हे आयटी सेवांचं मानक २००५ मध्ये आलं. आयटीआयएलचं प्रमाणपत्र माणसाला मिळतं, आयएसओचं संस्थेला. "आमची कंपनी आयटीआयएल सर्टिफाइड आहे" असं कुणी म्हणालं तर त्यातली चूक मुलांना सांगता आली पाहिजे.

पहिल्या तीन तासिका नुसत्या फोनच्या. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा, एक तक्रारदार, एक डेस्क. समोरचा पडदा दिसत नसल्यामुळे प्रश्न विचारावेच लागतात. नोंदीला दहा गुण: तक्रार मूळ शब्दांत २, परिणाम कुणाकुणावर ते २, योग्य खाना २, काय तपासलं ३, तक्रारदाराला कळवून बंद केली १. "सॉल्व्ह्ड" एवढंच लिहिलं तर तपासाचे तिन्ही गुण जातात. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वर्गाचे जातातच. मधल्या तासिका मूळ कारणाच्या. आणि एक तासिका बदल मंजूर करणाऱ्या समितीची, त्यात ग्रंथपालांना खरोखर बोलवा. त्या विचारतात ते प्रश्न मुलांना सुचत नाहीत.

आयटीआयएल ४ फाउंडेशनच्या परीक्षेत ४० प्रश्न, ६० मिनिटं आणि उत्तीर्ण व्हायला २६ बरोबर लागतात. परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर २५ टक्के जादा वेळ मिळतो, म्हणजे ७५ मिनिटं. आपली मुलं तो मागतच नाहीत. आयटीआयएलच्या ३४ प्रॅक्टिसेसपैकी (कामाच्या पद्धती) अभ्यासक्रमातल्या १५ आणि ७ मार्गदर्शक तत्त्वं पाठ करून पेपर बराचसा सुटतो. फी मात्र जड आहे. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस डेस्कवर जायचं ठरवलेल्यांनीच ती भरावी, कुडाळ-कणकवलीत हार्डवेअरचं दुकान काढणाऱ्याला नोंदीची सवय जास्त उपयोगी.

मे महिन्याची फट

या सगळ्यात एक कच्चा दुवा आहे. मुलं एप्रिलमध्ये परीक्षा देऊन जातात, नवी जून-जुलैत येतात, आणि विजांचा, वादळांचा काळ नेमका मधला. त्यामुळे हस्तांतराला तासिकाच ठेवा, शेवटची. मावळत्या गटाने उघड्या नोंदींची यादी, सापडलेल्या पण न सुटलेल्या कारणांची यादी आणि कपाटातल्या भागांची मोजणी असे तीन कागद लॅब असिस्टंटच्या हाती द्यायचे, पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांकडे. मेमध्ये दार बंद करायचं नाही, त्याच नंबरवर रोज एकच तास फोन घ्यायचा आणि ती वेळ कार्यालयाच्या फळ्यावर लिहायची. नवा गट आला की पहिल्या दिवशी त्याने करायचं काम एवढंच: मेमधल्या सगळ्या नोंदी वाचून त्यांतल्या कुठल्या एकाच कारणाच्या वाटतात ते खडूने फळ्यावर मांडणं.